पाठ केलेली प्रार्थना

कोंडीची लेक बुधी तापाने फणफणली, तेव्हा पळसदरीहून आलेला टेंपो पास्टर रोहिदासने वाडीवरून परत पाठवला. "दवाखाना कशाला? आपण प्रार्थना करू." तिसऱ्या दिवशी बुधी गेली.

"तू नुसती पाठ केलेली प्रार्थना म्हणतेस, कोंडी," तो म्हणाला. "मनापासून करायला शिक. जे मनात असंल ते देवाला सांगायचं, लपवायचं नाय."

वर्षभर दर रविवारी कोंडी शिकायला बसली. गुडघे टेकायची, डोळे मिटायची, पण ओठांवर पाठ केलेलीच यायची.

या रविवारी पास्टर सभा अर्ध्यावर सोडून उठला. त्याच्या लेकीला ताप भरला होता. तिला चादरीत गुंडाळून त्याने गाडीत निजवलं आणि कर्जतच्या दवाखान्यात फोन लावला. निघताना काच खाली केली.

"कोंडी, माझ्या पोरीसाठी प्रार्थना कर गं. अगदी मनापासून कर."

कोंडी मागच्या सीटवरच्या पोरीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मनापासून नको सांगू, पास्टर," ती म्हणाली. "तिच्यासाठी पाठ केलेलीच म्हणते."