गेल्या उन्हाळ्यातला स्कॅन

फोन चंदानेच उचलला. अमरावतीच्या दवाखान्यातली बाई सांगत होती, की जुने स्कॅन आता कॉम्प्युटरकडून पुन्हा तपासून घेतात. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलेलं त्याला दिसतं. नितेशच्या गेल्या उन्हाळ्यातल्या पोटाच्या स्कॅनमध्ये लिव्हर आकसत चालल्याची खूण होती. पुढची तपासणी लवकर करा, असं तिने दोनदा बजावलं.

नवऱ्याचा स्कॅन झाला होता, हेच चंदाला ठाऊक नव्हतं. विचारलं, तर गाडीवरून पडलो होतो, तुला घोर नको म्हणून बोललो नाही, एवढंच नितेश म्हणाला. आणि भरल्या ताटावरून उठला.

दारूच्या थेंबालाही न शिवलेला माणूस. क्लासच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसतो, एवढाच काय तो दोष. चंदाने घरातलं तळण बंद केलं. अंजनगावला माहेरी फोन लावला, तेव्हा मात्र तिला रडू आवरेना. तुझ्या भाऊजींचं लिव्हर बिघडलंय, एवढंच ती धाकट्या भावाला, श्यामला, सांगू शकली.

"रडून काहून राहिली, ताई?" श्याम म्हणाला. "लागलं तं माहं काढून देतो त्याईले."

फोन स्पीकरवर होता. नितेश उठून अंगणात गेला तो बराच वेळ आत आला नाही.

चार दिवस त्याने आज-उद्या केलं. पाचव्या दिवशी चंदानेच अकोल्याच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मूर्तिजापूर मागे पडलं तरी बसमध्ये तो डोळे मिटून देवाचं नाव घेत होता.

रक्त, सोनोग्राफी, पुन्हा स्कॅन. दुपारी डॉक्टरांनी कागद समोर ठेवले. लिव्हर ठणठणीत. आकसत चाललेलं लिव्हर वर्षभरात असं ठणठणीत होत नाही, जुन्या स्कॅनमध्येच काही घोळ असेल, असं ते म्हणाले.

चंदाने हात जोडले. बाहेर येताच तिने मोबाइल काढला. पहिली खबर श्यामलाच द्यायची होती. नितेशने तिचा हात धरला.

"माहंच खराब निघावं म्हणून देवाले मागून राहिलो होतो मी," तो म्हणाला.

तिला काही उमगेना.

"गेल्या उन्हाळ्यात श्याम झाडावरून पडला, तवा त्याच्यापाशी विम्याचं कार्ड नव्हतं. मी माहं देलं. त्या स्कॅनमधी मी नाही, चंदा. तुहा श्याम हाय."