डासताईंची मिरवणूक

घरोघरच्या पाण्यात डासांच्या अळ्या शोधणाऱ्या आमच्या डासताई काल रिटायर झाल्या.

"आज त्या येणारच नाहीत," मी पैज लावली. "आल्याच, तर बायकोचा गाऊन घालून त्यांच्यापुढे डबा बडवत गल्लीभर नाचेन!"

"लागली!" शेजारचा शिंपी म्हणाला.

तेवढ्यात डासताई बॅटरी घेऊन हजर. तडक शिडी चढून टाकीत डोकावल्या.

"अहो ताई, आता तरी आराम करा की!"

"नवा माणूस सोमवारी येणार. तोवर थांबा म्हणून अळ्यांना तुम्ही सांगणार का?"

मग काय, गाऊन चढवला. पुढे मी, मागे लाजून लाल झालेल्या डासताई आणि खिडक्याखिडक्यांतून टाळ्या.

ताई येणार हे मला पक्कं ठाऊक होतं. पण सत्कार म्हटलं असतं, तर त्या फिरकल्याच नसत्या.