संत्र्याचा केक

शुक्रवारचं कुसकुस जेवून झालं की सून इब्तिसाम पुदिन्याच्या चहासोबत संत्र्याचा केक आणायची.

"आई, बघ तरी, कसा कापसासारखा झालाय!" जवाद म्हणायचा आणि हनियाच्या पोटात दुखायचं. जळला मेला तो केक! लग्नापर्यंत या पोराला केक कुणी करून घातला?

या शुक्रवारी सून नमाजाला उभी राहिलेली पाहून हनियानं बरणीतली बेकिंग पावडर मोरीत ओतली आणि तिच्या जागी मैदा भरला.

केक विटेसारखा बसला. इब्तिसाम रडवेली झाली. चहा ओतता ओतता हनियानं हसू दाबलं.

जवादनं पहिला घास घेतला, डोळे मिटले.


"आज खरा जमला गं तुला! अगदी आईच्या हातचा!"