गोगलगाय

"काल पुन्हा साइटवर येऊन गेली, बाबा, आपली गोगलगाय," लेक म्हणाली.

बाबा गल्ल्यामागे बसून कुणाच्या तरी चष्म्याच्या काडीचा स्क्रू आवळत होते, चष्मा अगदी नाकाशी धरून. "तू तिच्या नादी लागू नकोस," ते म्हणाले. "गोगलगाय न् पोटात पाय. कुणीतरी दुसरा चष्मेवाला आपले भाव काढत असेल. आणि ते घड्याळ बंद पडलंय बघ, सेल बदल."

लेकीनं भिंतीकडे पाहिलं. घड्याळ व्यवस्थित चाललं होतं. बाबांच्या कुरकुरीकडे किती लक्ष द्यायचं, असं म्हणून ती पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली.

दुकानाची वेबसाइट तिनंच बांधली होती. तयार साच्यात मजकूर आणि फोटो भरायचे, एवढंच काम. पण तिनं त्यात जीव ओतला होता. समोर चकचकीत मोठं दुकान उघडल्यापासून बाबांची डोळे तपासायची खुर्ची रिकामी असायची आणि बाबा उगाच तिच्यावरची धूळ पुसत बसायचे. "तुझ्या या वेबसाइटवरून एक गिऱ्हाईक आणून दाखव," ते म्हणाले होते, "मग मानलं तुला." तेव्हापासून लेकीला त्या एका गिऱ्हाइकाचा ध्यासच लागला होता.

साइटला तिनं माग काढणारं एक प्लगइन जोडलं होतं. आलेला माणूस कोण, ते त्यातून कळत नसे. ना नाव, ना गाव. त्याच्या माऊसचा बाण कुठे गेला, कुठे रेंगाळला, कुठून माघारी फिरला, तेवढं मात्र दिसायचं. बहुतेक जण भाव बघून पसार व्हायचे. गोगलगाय भावांच्या पानाकडे ढुंकूनही बघत नसे. ती थेट 'आमच्याविषयी' या पानावर यायची, अक्षरं मोठी करायची, मग आणखी मोठी, आणि पहिलीतलं मूल बोट ठेवून वाचतं तसा बाण एकेका शब्दाखालून सरकवायची. दोन-चार ओळींत दमायची आणि निघून जायची. पानाच्या शेवटापर्यंत ती कधीच पोचली नव्हती.

लेकीचा तिच्यावर जीव जडला. "कुणीतरी म्हातारं माणूस आहे, बाबा. दिसत नाही बिचाऱ्याला. आणि मी शहाणी, चष्म्याच्या दुकानाच्या साइटवर मुंगीएवढी अक्षरं घालून बसलेय!" तिनं सगळी अक्षरं वाढवली. त्या पानावर एक ठळक पिवळं बटणही टाकलं: 'नीट दिसत नाही? या, डोळे तपासून देऊ. संकोच करू नका.'

बाबा स्क्रू आवळत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या खोलीत जेवत होती, तेवढ्यात मोबाइल किणकिणला. साइटवर कुणीतरी आलं होतं. तीच चाल, तोच बाण. बाण पिवळ्या बटणापाशी गेला. थबकला. माघारी फिरला. पुन्हा गेला.

"दाब गं बाई, दाब!" लेक पुटपुटली आणि हातातला घास ताटात टाकून ही बातमी सांगायला बाहेर पळाली.

बाबा गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरला नाक लावून बसले होते. त्यांनी माऊस डावीकडे सरकवला. लेकीच्या मोबाइलवरचा बाण डावीकडे सरकला.

मालकाच्या भेटी मोजू नकोस, असं तिनं प्लगइनला बजावून ठेवलं होतं. पण त्यासाठी मालकानं पासवर्ड टाकून आत यायला हवं ना! बाबा आपल्याच दुकानात गिऱ्हाइकासारखे येत होते.

"मला स्वच्छ दिसतं," तिनं काही विचारायच्या आत बाबा म्हणाले. "हवी तर परीक्षा घे." आणि तरातरा जाऊन पडद्याआडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, त्या खुर्चीत बसले. मान ताठ करून त्यांनी समोरचा तक्ता वरपासून वाचायला घेतला. मोठी ओळ, बारीक ओळ, त्याहून बारीक. शेवटची ओळ तर धाडधाड म्हणून टाकली. तळाशी छापखान्याचं नाव होतं, तेही सोडलं नाही.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "तक्त्यामागचा दिवा मी अजून लावलाच नाहीये."

बाबा हसले. "उभा जन्म लोकांकडून वाचून घेतलाय तो तक्ता, पाठ नाही होणार तर काय? पण चष्मेवाल्यालाच दिसत नाही म्हटल्यावर या खुर्चीत कोण बसेल गं? दिव्याखाली अंधार म्हणतील." मग थांबून म्हणाले, "तुझं ते पान मात्र पाठ नव्हतं. तू माझ्याविषयी काय लिहिलंयस, ते मला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नव्हतं."

लेकीनं तक्ता काढला आणि त्या जागी आपला लॅपटॉप ठेवला. पान उघडून शेवटच्या ओळीवर आणलं, अक्षरं तक्त्याच्या ओळीएवढी केली. मग भिंगं बदलायची ती जड फ्रेम बाबांच्या नाकावर चढवली आणि त्यांच्याच सुरात विचारू लागली, "असं बरं, की असं? आता असं, की मघाचं?"

"थांब," बाबा म्हणाले. "हेच. हेच राहू दे."

आणि एकाही शब्दाला न अडखळता त्यांनी ती ओळ वाचली: 'बाबांनी मला पहिला चष्मा लावला, त्या दिवशी मला कळलं की घड्याळाला तिसराही काटा असतो.'

बाबांनी पडदा बाजूला सारला. मग त्यांनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

"सेल राहू दे गं," ते म्हणाले. "चालू आहे."