अकरा वेण्या

"पाणी घातलंत ना?" बायकोने विचारलं.

मास्तर खिडकीकडे वळले. सलूनच्या खिडकीत टांगलेल्या त्यांच्या लाडक्या, पानांत पाणी साठवणाऱ्या सक्युलंटच्या कुंडीतून अकरा वेण्या खाली लोंबत होत्या, चण्याएवढ्या गुबगुबीत पानांनी गच्च भरलेल्या. नऊ वर्षं मास्तरांनी त्या वाढवल्या होत्या. नुसता टॉवेल घासला तरी पानं टपटप गळायची, म्हणून त्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाला शिंकायचीही चोरी. आणि आज दुपारपर्यंत सलून रिकामं करून चार गल्ल्यांपलीकडच्या नव्या जागेत जायचं होतं.

शिवणकाम करणाऱ्या बायकोने महिनाभर आधीच फर्मान काढलं होतं: पाणी बंद. तहानलेली पानं मऊ पडतात आणि देठाला धरून राहतात; पाणी पिऊन टम्म झाली की हात लागताच सुटतात. मास्तरांना ते पटलंही होतं. पण सुरकुतलेली पानं बघून चार दिवसांपूर्वी त्यांना राहवलं नाही. दाढीच्या मगाने त्यांनी गुपचूप पाणी घातलं होतं.

"माझ्याने बघवेना गं," ते म्हणाले. "आता मीच वाट लावली या झाडाची."

बायको रागावली नाही. तिने पिशवीतून अकरा लांबलचक बाह्या काढल्या. केस कापताना गिऱ्हाइकाला गुंडाळतात त्या जुन्या कापडांच्या शिवलेल्या, एका बाजूने उघड्या, हुक लावलेल्या. स्टुलावर चढून तिने एकेक वेणी खालून वर अलगद बाहीत घेतली. बोटं वेणीला लागतायत की नाही, कळत नव्हतं. मास्तरांनी तीस वर्षं कात्री चालवली होती, पण इतका हलका हात आपला नाही, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल करून टाकलं.

झाडूच्या दांड्यावर कुंडी अडकवून दोघं निघाली. पावलागणिक बाह्यांत टप्, टप् वाजत होतं. दर आवाजाला मास्तर पुढचं पाऊल आणखी जपून टाकत होते.

नव्या जागेत हुक काढले. तीन वेण्यांचा नुसता दोरा उरला होता, बाकीच्या अर्ध्यामुर्ध्या. गळलेली पानं मात्र बाह्यांच्या तळाशी साठली होती. एकही चिरडलं नव्हतं.

मास्तरांनी बाही उलटसुलट करून बघितली. "तळ शिवून कशाला घेतलास? पानं तर गळणारच नव्हती ना?"

"तुम्ही पाणी घालणार, हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं संसार केलाय तुमच्याशी."

मास्तर बाहीतली पानं बघत उभे राहिले.

"तोंड पाडून उभे राहू नका," ती म्हणाली. "प्रत्येक पानाचं नवं झाड होतं. दोन दिवस देठाकडची जखम सुकू द्यायची, मग मातीवर ठेवायचं. तोवर कुणी हात लावायचा नाही."

तिने नव्या सलूनच्या तिन्ही खुर्च्यांवर धुतलेले टॉवेल पसरले आणि एकमेकांना लागणार नाहीत अशी पानं मांडायला घेतली. मास्तरही शेजारी गुडघे टेकून बसले.

दार उघडलं. गालावर खुंट वाढलेलं, नव्या जागेतलं पहिलं गिऱ्हाईक आत डोकावलं.

"मास्तर, दाढी करायची होती."

बायकोने मास्तरांकडे बघितलं आणि टॉवेल उचलायला हात पुढे केला. मास्तरांनी तिचा हात धरला.

"परवा या," ते म्हणाले. "आज तिन्ही खुर्च्या भरल्यात."