पडद्यावरचं कॉकपिट

या, असे जवळ सरकून बसा. एका सासऱ्या-जावयाची गोष्ट सांगतो. दोघांच्या मध्ये एक टेबल होतं आणि टेबलावर दोन लढाऊ विमानं, तळहातावर मावतील एवढी.

"भिंग लावून काय चाललंय, जावईबापू? मुंग्यांचे दात मोजताय?"

जावई नुसता हसला. चिमट्यातली केसाएवढी तार त्याने सुटू दिली नाही.

"भिंग शिकाऊंना लागतं. मला बघा. त्या समोरच्या गच्चीवरचा कावळा कुठल्या पायावर उभा आहे, सांगू?"

"डाव्या, बाबा?"

"उजव्या! तुम्हाला कावळा दिसत नाही आणि निघालात विमान करायला."

सासऱ्यांना मॉडेल मंडळात सगळे उस्ताद म्हणत. करंडक वर्षानुवर्षं त्यांच्याच कपाटात मुक्कामाला होता. यंदा मंडळाने सगळ्यांना एकच किट दिलं होतं. महायुद्धातलं, एकच वैमानिक बसेल असं विमान, आणि रंगही सगळ्यांना एकच. बाहेरून सगळी सारखीच दिसणार. कस लागायचा तो आत, कॉकपिटमध्ये. किटमध्ये तिथे एक बोडकी खुर्ची होती, बस. डायल, पट्टे, नळ्या, दांडे, सगळं ज्याने त्याने आपल्या हाताने घडवायचं.

जावई पहिल्यांदाच स्पर्धेत उतरला होता. परीक्षकांना काम पसंत पडलं तर मंडळाचं सभासदत्व मिळणार होतं, आणि त्याबरोबर मंडळाची कार्यशाळा. तिथलं धातू कातायचं छोटंसं लेथ तो येता-जाता खिडकीतून पाहायचा, लग्न ठरलेल्या मुलीकडे चोरून पाहावं तसं.

उस्तादांनीही जाहीर करून ठेवलं होतं, "ज्या वर्षी माझं काम दुसरं ठरेल, त्या वर्षी ही सगळी हत्यारं भंगारात. मग मी आणि ती खिडकी." बायको गेल्यापासून या टेबलापलीकडे त्यांना काही उरलं नव्हतं. मुलीला हे माहीत होतं. जावयालाही.

एका दुपारी उस्तादांनी आपलं विमान पुढे सरकवलं. "काच बसवायच्या आधी एकदा बघून घ्या. पुन्हा असं बघायला मिळणार नाही."

जावयाने भिंग लावून आत पाहिलं. मग भिंग पुसून पुन्हा पाहिलं.

"काय, बोलती बंद झाली ना?"

"हो, बाबा."

"शिका काहीतरी."

त्यानंतर जावई आपल्या टोकाला बसून काम करायचा, बोलणी खायचा, आणि बायको मध्ये पडायला आली की तिला डोळ्याने दटावायचा.

स्पर्धेच्या सकाळी दोन्ही खोकी त्यानेच उचलली. "मी मांडून ठेवतो. तुम्ही सावकाश या, बाबा."

"सांभाळून! माझं खोकं वर ठेवा. तुमचं खाली चेपलं तरी नुकसान नाही."

हॉल भरला. विमानांवर नावं नव्हती, खाली फक्त नंबर. परीक्षक एकेका कॉकपिटमध्ये सुईएवढा कॅमेरा सोडत होते आणि आतलं सगळं समोरच्या मोठ्या पडद्यावर दिसत होतं.

अर्ध्या स्पर्धेनंतर पडद्यावर एक कॉकपिट उमटलं आणि लोक चुळबुळले. डायल प्यायल्यासारखे एकमेकांवर रेललेले. पट्टा खुर्चीच्या पायात अडकलेला. गोंदाच्या तारा कोळिष्टकासारख्या लोंबणाऱ्या.

"हे कॉकपिट आहे की कोंबड्यांचं खुराडं?" मागच्या रांगेतून उस्ताद कडाडले. हॉल हसला. त्यांना चेव आला. "गोंद काय थापीने लावलाय? अहो, यात वैमानिक बसवला तर शत्रूला गोळी खर्चावी लागणार नाही!"

मंडळाच्या चिटणिसांनी नंबर यादीत पाहिला. "हे काम... उस्तादांच्या जावयांचं आहे."

सगळ्या माना वळल्या. जावयाची मान खाली गेली.

"माझंच आहे," तो म्हणाला.

"वाटलंच मला! मुलगी दिली ती दिली, निदान हाती किट तरी पडू द्यायला नको होतं."

आणखी दोन-चार विमानं झाली. मग पडद्यावर एक कॉकपिट आलं आणि लोक खुर्च्यांत पुढे सरकले. डायलवरची काच लुकलुकत होती. नळ्या जिथून निघायच्या तिथून निघून जिथे पोचायच्या तिथे पोचल्या होत्या. पट्टे खुर्चीवर असे सैल पडले होते, की वैमानिक आत्ताच उतरून चहाला गेला असावा.

चिटणिसांनी उस्तादांचं नाव घेतलं. उस्ताद क्षणभर पडद्याकडे पाहत राहिले. मग उभे राहिले. "बघा, जावईबापू. याला म्हणतात हात!"

करंडक पुन्हा त्यांच्याच काखेत आला. जावयाला चिटणिसांनी बाजूला घेतलं. "वाईट वाटून घेऊ नका, पण असल्या कामावर सभासदत्व देता येत नाही. तुम्ही दुसरा एखादा छंद का नाही बघत?"

"बरं, साहेब," जावई म्हणाला. कार्यशाळेचं दार उघडं होतं. तो तिथून जाताना आत न पाहता गेला.

फाटकापाशी उस्ताद रिक्षावाल्याला करंडक दाखवत होते. मुलीचा राग डोळ्यांतून वाहत होता. "एवढ्या लोकांत चिंध्या केल्या तुमच्या. एक शब्द तरी बोलायचात!"

"बाबा उद्या टेबलाशी बसतील ना?"

"बसतील की. आता तर कोण अडवणार त्यांना?"

"मग झालं."

श्रोतेहो, आज देवापुढे हात जोडाल तेव्हा, त्या सकाळी रिकाम्या हॉलमध्ये दोन विमानांखालचे नंबर गुपचूप अदलाबदल करणाऱ्या जावयाचीही आठवण ठेवा.