लाईट गेल्यावर

कुरखेड्यात पुनमचा पळसाच्या पत्रावळींचा छोटा कारखाना होता. हवेवर चालणाऱ्या यंत्रात दाब कमी पडून पत्रावळी अर्धवटच दाबल्या जायच्या. म्हणून साचा दाबणाऱ्या सिलिंडरला एका वेळी किती हवा लागते ते तिनं मोजलं आणि दाब वाढवणारा बूस्टर बसवून हवेची चांगली मोठी टाकी जोडली. लाईट गेली तरी आठ-दहा पत्रावळी निघाव्यात, एवढी मोठी.

दुपारी लाईट गेली. साच्यात अडकलेलं पान काढायला कामावरच्या सोमारीबाईनं आत हात घातला. तिचा पाय साचा खाली आणणाऱ्या पायडलवरच होता.

पुनमनं ते पाहिलं. ओरडलं तर बाई दचकेल आणि पायडल दाबलं जाईल. ती हळूच म्हणाली, "बाई, हात भायेर काढा. टाकीत अजून हवा हाये."

सोमारीबाईनं हात काढला आणि हसली. "लाईटच नाई, त काऊन भेऊन राह्यली पोरी? हे पाह्य."

तिनं पायडल दाबलं. साचा धाडकन खाली आला.



सोमारीबाईनं आपली बोटं एकेक करून चाचपली. मग तोच हात पुनमनं हातात घेतला आणि बोटं पुन्हा पहिल्यापासून मोजली.